देवाची सुपारी

ताराचंद महाराजांच्या कीर्तनात मी एकवीस वर्षं हार्मोनियम वाजवली. वाजवता वाजवता माझं आणखी एक काम असे. महाराजांनी अभंगाचं चरण सोडलं, टाळकऱ्यांनी ते उचललं, मृदंग चढला, की तेवढ्या उसंतीत महाराज मागे न बघता डावा हात माझ्यापुढे करीत. भाता एकदा दाबून भरला की दोन श्वास सूर टिकतो. तेवढ्यात मी डाव्या हातानं पितळेची डबी उघडायची, कातरलेल्या सुपारीची चिमूट त्यांच्या तळहातावर ठेवायची आणि पुन्हा भात्यावर यायचं. शेवटच्या कीर्तनापर्यंत सूर कधी तुटला नाही. याचा मला फार अभिमान होता.

महाराज आमच्या एकोडीचेच. पाच एकर धान, एक बैलजोडी आणि गळा. रोवण्याच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभे राहायचे तेव्हाही बायांच्या गाण्याला खालून सूर लावायचे. धान घरात आलं की सप्ताहाचे दिवस सुरू होत आणि गावोगावची मंडळी येत. आल्यावर महाराजांच्या हातात नारळ आणि सुपारी ठेवायची. ती सुपारी हातात घेतली म्हणजे शब्द दिला. मग कोणी लाख सांगो, दुसरीकडे जाणं नाही. त्यांच्या पत्नी शकुनबाई ती सुपारी देव्हाऱ्यात गणपतीशेजारी ठेवत. कीर्तन पार पडलं की ती कातरायची. देवापाशी राहिलेली वस्तू, प्रसादच तो, टाकायची कशी? बाजारातून आणलेली सुपारी डबीत असायचीच, पण तिच्यात ही मिसळली की महाराजांच्या लेखी सगळीच देवाची होऊन जाई.

तंबाखूला मात्र त्यांनी जन्मात हात लावला नाही. आमच्या भागात पानठेल्याशिवाय चौक नाही आणि खर्ऱ्याशिवाय खिसा नाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोट घोट घोटायचा आणि गालात धरायचा. महाराज कीर्तनात त्यावर असे काही तुटून पडत की बास.

“लेका, हे तोंड देवानं कायले देलं? नाव घ्याले! अन् तू त्याचं गोदाम करून ठेवलं. उद्या यमाचे दूत आले अन् म्हणाले, घे बा शेवटचं नाव, तं हा पहिले थुंकाले जागा पाहीन!”

मांडव हसून हसून लोळायचा. हसू ओसरलं की महाराज आवाज खाली आणत, अगदी घरातल्यासारखा.

“सोडा जी खर्रा. नाहीच राहवत? तं देवाची सुपारी धरा. पूजेत गणपती म्हणून कोणाले बसवता? सुपारीलेच ना? मंग देवाच्या वस्तूत विष राहते का?”

आणि हात मागे यायचा. मी चिमूट ठेवायचो. सगळ्या मांडवासमोर ते ती तोंडात टाकत.

सहा वर्षांपूर्वी चिखल्याला, खाणीतल्या लोकांच्या वस्तीत, काल्याच्या कीर्तनाला ते असंच बोलले. जमिनीखाली बिडी पेटवता येत नाही, म्हणून तिथे जो तो खर्ऱ्यावर. त्या दिवशी लोक रांगेनं आले आणि खिशातल्या पुड्या काढून महाराजांच्या पायाशी टाकत गेले. ढीग झाला. बाया पदर डोळ्याला लावून बघत होत्या. सप्ताहाचे मुख्य भय्याजी, खाणीत ड्रिल चालवणारा धिप्पाड माणूस, लहान पोरासारखा रडला. मीही रडलो. मला वाटलं, कीर्तनाचं फळ डोळ्यांनी दिसावं म्हणतात, ते हेच.

गेल्या वर्षी धान चुरण्याच्या, मळणीच्या दिवसांत महाराजांची मुलगी रेणू घरी आली. भंडाऱ्याला एका दवाखान्यात ती नर्स आहे. दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. शकुनबाईंनी वांग्याची भाजी वाढली आणि महाराजांनी तिच्यात तांब्यातलं पाणी ओतलं.

“हे का करून राहिले बाबा?” रेणू म्हणाली.

“तिखट नको मले. झोंबते.”

“तुमाले? पाच मिरच्या तोंडी लावत होते तुमी!”

“दिवाळीपासून असंच चालू आहे,” शकुनबाई म्हणाल्या. “मी म्हणलं, वय झालं.”

“छप्पन म्हणजे का वय झालं आई?” रेणूनं ताट बाजूला सारलं. “बाबा, तीन बोटं उभी धरा अन् तोंडात घाला.”

“मी का लहान पोरगं आहो?”

“घाला ना!”

महाराजांनी हसत हसत बोटं वर केली. दोन गेली. तिसरं ओठावरच थांबलं. त्यांनी मान मागे टाकून पाहिली, तोंड वाकडं करून पाहिलं. मग हसणं आवरून त्यांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, “माया बोटंच जाडी आहेत.”

शकुनबाईंनी आपली बोटं घालून पाहिली, तिन्ही गेली. मीही गुपचूप पाहिलं. तीन गेली, पण तिसरं घासत गेलं.

भंडाऱ्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून गाल आतून चाचपला. मला म्हणाल्या, “या, तुम्हीही बघा.” गाल आतून पांढुरका, वाळलेल्या चामड्यासारखा होता आणि त्यात दोऱ्या ताणल्यासारख्या दिसत होत्या. शेवटच्या दाढेमागे लालसर जखम.

“किती वर्षांची सवय?”

“तंबाखूले हात नाही लावला जी मी,” महाराज ताठ बसून म्हणाले.

“तंबाखूचं नाही विचारत. सुपारी?”

महाराजांनी माझ्याकडे हात केला. मी डबी दिली. त्यांनी ती उघडून मोठ्या प्रेमानं बाईंपुढे धरली. “ही देवाची आहे. घ्या ना.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी डबीचं झाकण लावलं. “महाराज, हे सगळं हिचंच काम आहे. तंबाखू लागतच नाही; ही एकटी पुरते. गाल आतून आवळत जातो, तोंड मिटत जातं. आणि त्यात ही जखम. ही मला चांगली दिसत नाही. नागपूरला जा. उद्याच जा.”

येताना बसमध्ये महाराज खिडकीबाहेर बघत होते. साकोली जवळ आली तेव्हा एकच बोलले, “तुलाराम, शिकलेल्या लोकाइले देवाच्या वस्तूचा रागच राहते.” डावा हात माझ्यापुढे आला. आणि मी, काय सांगू, सवयीनं डबी उघडली.

नागपूरला जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी समोर बसवून नीट सांगितलं: डावीकडचा जबडा काढावा लागेल, जिभेचाही काही भाग, बोलणं पहिल्यासारखं राहणार नाही. पण गाठ अजून मानेत उतरलेली नाही, आत्ता केलं तर माणूस वाचेल. पौषातली तारीख दिली.

देव्हाऱ्यात तेव्हा तीन सुपाऱ्या होत्या. तीन गावांना दिलेला शब्द.

“हे तीन कीर्तनं होऊ दे,” महाराज म्हणाले. “घेतलेली सुपारी परत देली असं आमच्या घराण्यात कोणी केलं नाही.”

रेणू बापाशी भांडली आणि आत जाऊन रडली. शकुनबाई मला अंगणात गाठून म्हणाल्या, “भाऊजी, तुमीच काही करा.” दुसऱ्या दिवशी महाराज शेतातल्या बांधीकडे गेले तेव्हा शकुनबाईंनी देव्हाऱ्यातल्या तिन्ही सुपाऱ्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या. मी निघालो, चोरासारखा. जवळच्या दोन गावांनी ऐकून घेतलं. एकानं सुपारी बोडीच्या, गावतळ्याच्या पाण्यात सोडली, दुसऱ्यानं देवळात ठेवली. “महाराज बरे होऊ दे, मंग पाहू,” म्हणाले. तिसरी चिखल्याची. काल्याचं कीर्तन, ऑपरेशनच्या तारखेनंतर आठ दिवसांनी.

तुमसरपर्यंत एस.टी., पुढे जीप. भय्याजी पहिली पाळी करून आले होते, अंगणात हातपाय धूत होते. मी फडकं सोडलं आणि सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता खाली बसले.

“कॅन्सर? महाराजाले?” मग सुपारीकडे बघून त्यांनी हात मागे घेतले. “हे मात्र नाही घेणार जी मी. सप्ताह उभा राहिला आहे अन् काल्याची सुपारी वापस? वस्तीवर काही आलं तं लोक मलेच धरतीन.”

“भय्याजी, माणूस जाऊन राहिला आपला.”

“पण होईन कसं त्याइले? त्याइनं आमचा खर्रा सोडवला. सहा वर्ष झाले, मी हात नाही लावला पुडीले.” त्यांनी खिशातून छोटी डबी काढून अभिमानानं दाखवली. “सादी सुपारी. देवाची. आमची पूर्ण पाळी हेच खाते आता. पोट्टे तं डबीले महाराजाची डबीच म्हणते!”

मी म्हटलं, “भय्याजी, जरा तीन बोटं उभी धरून तोंडात घाला.”

“काहून?”

“घाला तं.”

त्यांनी घातली. दोन गेली. तिसरं थांबलं. ते हसले, तोंड वाकडं केलं, मान मागे टाकली. अगदी तसंच. मग म्हणाले, “ड्रिलवाल्याचा हात आहे बा, बोटं मोठी राहतेच.”

सुपारी फडक्यात तशीच परत आणली.

महाराज अंगणात धानाच्या पोत्याला टेकून बसले होते. सुपाऱ्या गेल्याचं त्यांना कळलं होतं. मला बघून डोळे लाल केले. मी पाया पडलो आणि चिखल्यात पाहिलं ते सगळं सांगून टाकलं. पूर्ण पाळी, डबीचं नाव, भय्याजींची दोन बोटं. सांगताना थांबायला हवं होतं, असं आता वाटतं. बोललोच नसतो तर कदाचित शकुनबाईंनी आणि रेणूनं त्यांना ओढून नागपूरला नेलं असतं.

ते पोत्यापासून सरळ होऊन बसले. मग डबी मागितली. मला वाटलं, चिमूट घेतील. त्यांनी डबी उकिरड्यावर पालथी केली आणि रिकामी माझ्या हातात दिली.

“मी सांगतलं होतं त्याइले,” ते म्हणाले. “आपला खर्रा त्याइनं मले देला. त्याच्या जागी हे मी देलं त्याइले.”

“तुमाले का माहीत होतं महाराज?”

“नव्हतं माहीत, तरी सांगतलं. तेच तं.” त्यांनी चिखल्याची सुपारी उचलून देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. “काल्याले मी जाणार. मायाच तोंडानं सांगा लागन.”

रेणू भंडाऱ्याहून धावत आली. “बाबा, आधी ऑपरेशन. मंग तुमी लिहून द्या, काका वाचून दाखवतीन.”

“जबडा गेल्यावर मी का बोलू बाई?”

“म्हणूनच म्हणते, लिहून द्या.”

“कागदानं सुटला होता का त्याइचा खर्रा? बोलल्यानं सुटला होता.”

रेणूनं बापाचे पाय धरले. महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण हो म्हटलं नाही. पौषातली तारीख गेली. पुढची मिळाली ती साडेतीन आठवड्यांनंतरची. तिथली रांग मोठी, आपल्यासारखे शेकडो.

तोवर गाठ काही थांबून राहिली नाही. काल्याच्या दिवशी सकाळी आम्ही चिखल्याला उतरलो तेव्हा महाराजांचा डावा गाल सुजलेला होता, आणि तोंडात जेमतेम एक बोट जात होतं. मांडव भरला होता. पाळी संपवून लोक तसेच आले होते. मी सूर धरला.

पहिलं नामस्मरण झालं. नामाला काय, महाराजांच्या तोंडून अर्धं आलं तरी हजार तोंडं ते पूर्ण करतात. मला क्षणभर वाटलं, देव निभावून नेतो आहे. टाळ असे काही जुळून आले की माझ्या अंगावर काटा आला. चरण टाळकऱ्यांनी उचललं, मृदंग चढला, आणि महाराजांचा डावा हात, सवयीचा हात, मागे आला. रिकामा तळवा. मी भाता भरून ठेवला आणि त्या तळव्यावर माझं बोट टेकवलं. त्यांनी ते घट्ट धरलं. त्या दिवशी पहिल्यांदा सूर तुटला.

मग महाराजांनी हात वर करून टाळ थांबवले. आता सांगणार.

ते काय बोलले ते मला कळलं, कारण मला ते आधीच माहीत होतं. वाटेत जीपमध्ये त्यांनी तेच शंभरदा घोकलं होतं: बापहो, मी चुकलो. सहा वर्षांपूर्वी याच जागेवर मी तुम्हाला सुपारी दिली. ती देवाची नाही. पूजेतली पूजेत राहू द्या, तोंडात घालू नका. मला बघा. माझं तोंड बघा.

मांडवात पोचला तो नुसता आवाज. भोंग्यातून घोगरा, ओला, शब्द नसलेला. लाळ दाढीवरून उपरण्यावर उतरत होती. ते पुन्हा बोलले, जोरानं. पुन्हा. डोळ्यांतून पाणी येत होतं. समोर बसलेल्या कुंताबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांनी हात जोडले आणि ओरडल्या, “माउलीचं भान हरपलं व माय!” सगळा मांडव हुंदके द्यायला लागला. कोणी नाम घेतलं आणि हजार तोंडांनी ते उचललं. महाराज हातानं नाही नाही करत होते. लोकांना ते टाळाचा ठेका वाटला.

मी उठलो. हार्मोनियम सोडून, आयुष्यात पहिल्यांदा, माईक हातात घेतला. “महाराज म्हणून राहिले, सुपारी खाऊ नका जी! सुपारीनंच झालं हे त्याइले. तुमाले खर्रा सोडून सुपारी धरा म्हणाले, ते चुकलं म्हणते...”

गलका थांबला. लोक एकमेकांकडे बघू लागले. भय्याजी पुढे आले आणि त्यांनी हळूच माझ्या हातातला माईक काढून घेतला. रागानं नाही, पडणाऱ्याला सावरतात तसा.

“तुलारामजी, बसा. दुःख आहे तुमाले, समजते. पण महाराज चुकले असं काल्याच्या मांडवात म्हणू नये जी.”

“महाराजाले विचारा ना!”

त्यांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज जोरजोरानं मान हलवत होते. भय्याजींनी त्यांचे पाय धरले आणि तिथेच डोकं ठेवलं. मागून कोणी म्हणालं, “इतकं देवाचं करणाऱ्याले सुपारीनं कसं होईन? कोणाची तरी नजर लागली.” बस, मांडवाला पटलं.

काला फोडला. दह्यात कालवलेल्या लाह्या. रीत अशी की गावातल्या मुख्यानं पहिला घास महाराजांच्या तोंडात घालायचा. भय्याजी मूठ भरून आले आणि थांबले. मूठ तोंडाजवळ नेली, पण दातांचं दार उघडेना. मग त्यांनी एक लाही उचलली, दोन बोटांत धरली, दातांच्या फटीतून आत सरकवली. मग दुसरी. दही झोंबत होतं. महाराजांचे खांदे उडत होते. पाच लाह्या गेल्या. लोक जयजयकार करत होते.

शेवटी पानसुपारीचं ताट आलं. दरवर्षी येतं तसं, महाराजांच्या हाताला लावून वाटायला. महाराजांनी ते पाहिलं आणि दोन्ही पंजे ताटावर पालथे ठेवले. घट्ट. लोक रांगेनं आले. प्रत्येकानं वाकून त्या हातांना कपाळ टेकवलं, मग एक बोट अगदी हळूच, दुखू नये म्हणून जपून, बाजूला सारलं, खालचा तुकडा घेतला आणि तोंडात टाकला. महाराज बोट परत आणून ठेवत. पुढचा पुन्हा सारे. ताट रिकामं झालं तेव्हाही त्यांचे हात तसेच होते.

नागपूरला पुढच्या तारखेला गेलो. डॉक्टरांनी मान चाचपली आणि रेणूला बाहेर बोलावलं. आता कापून उपयोग नव्हता. रेडिएशनचा शेक दिला, थोडे दिवस. तोंड पूर्ण मिटलं, तेव्हा नाकातल्या नळीनं पेज. मी रोज संध्याकाळी उशाशी बसून एखादा अभंग हळू वाजवायचो. चरण संपलं की डावा हात गादीवरून सरकत माझ्याकडे यायचा. चैत्रात एका दुपारी तो आला नाही. देवानं त्यांना जवळ केलं असेलच, त्याबद्दल मला शंका नाही. पण काल्याच्या सकाळी ते बोलत होते तेव्हा देवानं कान कुठे ठेवला होता, ते मात्र मी अजून त्याला विचारतो.

तेरवीला चिखल्याहून जीप भरून माणसं आली. मी पंगतीत वाढत होतो. भाजीची बादली घेऊन भय्याजींपुढे आलो, तर त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

“तिखट नका वाढू जी. भातावर थोडी कढी द्या, पातळ. आजकाल झोंबते.”

बादली खाली ठेवून मी तिथेच, त्यांच्यापुढे बसलो. “भय्याजी, आज भंडाऱ्याले चला. रेणू आहे, मी आहो. एक बार फक्त दाखवून येऊ.”

“जाऊ ना. सप्ताहाची वर्गणी जमू दे, नवीन महाराज पाहा लागते, मंग जाऊच.” त्यांनी भात कढीत कालवून पातळ केला आणि द्रोण ओठाला लावला. “बरं, पुढच्या काल्याले वाजवाले तुमीच यायचं हं. त्याची सुपारी आणली आहे मी.”

जेवण आटोपून हात धुतल्यावर बडीशेप-सुपारीचं ताट फिरलं. तेरवीला ते फिरतंच. शकुनबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं आणि तोंड फिरवून आत गेल्या. मी ताट आणणाऱ्याला म्हटलं, हे घेऊन जा. तो म्हणाला, “काका, लोक काय म्हणतीन?” आणि पुढे गेला. भय्याजींनी दोन तुकडे उचलले, महाराजांच्या फोटोकडे बघून कपाळाला लावले आणि दातांच्या फटीतून एकेक करून आत सरकवले.